घोड्यांची भिंत पाडली गेली त्याबाबत

नाव: भिंगरी. कागदावरचे नाव वेगळ्या पानावर लिहून दिले आहे, पण त्या नावाने हाक मारली तर मी वळून बघत नाही. वय: तेवीस, चोवीसही असेल. शिक्षण: सातवी पूर्ण, आठवीत काही दिवस. धंदा: चुना, गिलावा, रंगकाम, नसेल तेव्हा मिळेल ते. राहणार: सध्या जुन्या पागेतली दाण्याची खोली. त्याआधी एका जागी नाही.

चौकीतल्या साहेबांनी समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी या गावचा नाही. सुमारे दोन महिन्यांपूर्वी दुसरीकडे कामाला निघालो होतो. गाडी इथे बंद पडली म्हणून उतरलो. गाडी दुरुस्त होऊन निघून गेली तेव्हा मी वेशीची कमान बघत होतो.

गावात एके काळी राजा होता. आता दारे नसलेली कमान, कोरडा हौद आणि घोड्यांची पागा एवढेच राहिले आहे. राजा जाऊन तीन पिढ्या झाल्या, तरी प्रत्येक घराला दरबारातल्या कामाचेच नाव आहे. कुणी छत्रवाले, कुणी पंखेवाले. एक घर चाखणाऱ्यांचे आहे. त्यांच्याकडे जेवायला बसले की घरचा माणूस अजून पहिला घास स्वतः घेतो आणि मग पाहुण्याला म्हणतो, "घ्या, मी अजून बसलोय." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातलाच प्रकार. मी आलो त्या दिवशी चहाच्या टपरीवर एकाने विचारले, "तुमच्या घराण्याकडे काय होतं?" मी म्हणालो, "पाय होते." तेव्हापासून भिंगरी हे नाव पडले.

साहेबांनी मुद्द्यावर यायला सांगितल्यावरून सांगतो की, पागेच्या टोकाच्या दोन खोल्यांत पागेवाले बाबा आणि त्यांची मुलगी राहतात. बाबांचे वय नव्वदीच्या आत-बाहेर. डोळ्यांना फक्त उजेड-अंधार कळतो. मुलगी शिवणकाम करते, मी तिला मावशी म्हणतो. बाबांचे आजोबा, वडील आणि लहानपणी स्वतः बाबा राजाचे घोडे सांभाळत होते.

मला पागा दुरुस्त करायचे काम गावसमितीच्या अध्यक्षांनी दिले. ते पंखेवाल्यांच्या घरातले. जागेच्या मोजणीचे अधिकारी येत्या मंगळवारी येणार आहेत. राजाच्या काळापासून जे घराणे जिथे राहते ती जागा त्यांच्या नावावर करायची आणि बाकीच्या जागेत पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या, असे ठरले आहे. पुरावा मात्र दाखवावा लागतो. बाबांकडे कागद नाही. राजा कागद देत नसे, घोडा देत असे, असे बाबा म्हणतात.

त्यांच्याकडे भिंत होती. पागेच्या आतल्या बाजूला, बाबांच्या दाराला लागून. नवा घोडा आला की त्याचे नाव आणि साल खुरातली घाण काढायच्या आकड्याने गिलाव्यात कोरायचे आणि त्याखाली तो घोडा सांभाळणाऱ्याने आपली खूण करायची, असा त्या घराण्याचा रिवाज होता. आजोबांची खूण नालाची, वडिलांची दोन आडव्या रेघांची, बाबांची नुसता एक ठिपका. ठिपका का, असे मी विचारले. बाबा म्हणाले, "तेव्हा मी एवढाच होतो." दाराच्या दगडी चौकटीवरही त्याच तीन खुणा आहेत. त्या शाबूत आहेत. पण नुसत्या खुणा कुणीही काढील, घोडे आणि साले असतील तरच आम्ही धरू, असे अधिकाऱ्यांनी मागच्या खेपेला मावशींना सांगितले होते.

मी कामाला लागल्यापासून संध्याकाळी हातपाय धुतले की बाबा मला त्या भिंतीपाशी बोलवायचे. मी वाचायचो, ते अक्षरांवर हात फिरवायचे. माझे वाचून व्हायच्या आत त्यांची बोटे पुढच्या घोड्यावर गेलेली असायची. "सावकाश, बाबा," मी म्हणायचो. ते म्हणायचे, "घोड्यांचं आहे रे, सावकाश कसं होईल?" असे बारा-पंधरा वेळा तरी वाचले असेल. एकूण नावे किती होती ते मी कधी मोजले नाही.

मावशींनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते, "सगळं पाड, सगळं रंगव, पण घोड्यांच्या भिंतीला हात लावायचा नाही. गोणपाट टांग आणि कोळशाने फुली मार, म्हणजे कुणाला सांगत बसायला नको." मी हो म्हणालो. गोणपाट मावशींनी स्वतः शिवून दिले. ते माझ्या खोलीत दाण्याच्या कणगीवर घडी करून ठेवले होते. अजून तिथेच आहे.

घटनेच्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी आठ वाजता शेजारच्या गावचे दोन गवंडी आले. जुना गिलावा भिंतीपासून सुटला की टकटक केल्यावर पोकळ वाजतो. तो पाडून नवा करावा लागतो, नाहीतर वरचा चुना टिकत नाही. मी त्यांना सांगितले, "जिथे पोकळ वाजेल तिथे पाडा." एवढेच सांगितले. गोणपाट आणतो आणि फुली मारतो असे मनात होते.

तेवढ्यात वीटभट्टीचा ट्रॅक्टर थांबला. चालक ओळखीचा. तो म्हणाला, धरणाचे पाणी उतरले आहे आणि राजाचा बुडालेला पूल वर आला आहे, आठ वर्षांत पहिल्यांदा. "चल, अर्ध्या तासात आणून सोडतो." मी चढलो. पुलाला सात कमानी आहेत, मधल्या कमानीवर दोन दगडी मासे आहेत, आणि चिखलात जुन्या चाकांच्या चाकोऱ्या अजून

साहेबांनी पुलाचे राहू दे, भिंतीचे सांग, असे म्हटल्यावरून सांगतो की, ट्रॅक्टर चिखलात रुतला. तो निघाला तेव्हा दुपार झाली होती. तरी चालत निघालो असतो तर दहा वाजता परत पोचलो असतो. मी थांबलो ते ट्रॅक्टरसाठी नाही. मला पलीकडच्या काठावरून पूल बघायचा होता.

परत आलो तेव्हा दोन वाजले होते. गवंडी भाकरी खाऊन हात धूत होते. घोड्यांच्या भिंतीवर छातीच्या उंचीपासून खाली नुसत्या विटा होत्या, आणि वर जे राहिले होते त्यात काही लिहिलेले नव्हते. थोरला गवंडी म्हणाला, "हीच सगळ्यात पोकळ होती. हात लावला तर आपोआप आली." त्यांना वाचता येत नाही. ओरखडे दिसले, घोड्यांनी शिंगे घासली असतील असे वाटले, असे धाकटा म्हणाला. घोड्याला शिंगे नसतात, असे थोरला त्याला म्हणाला.

मावशी सकाळपासून शिवलेले कपडे पोचवायला गेल्या होत्या. बाबा आत झोपले होते. त्यांना ठोकाठोक ऐकू आली होती, पण मी कामावर आहे असे त्यांना वाटत होते. "भिंगरी आहे म्हणून उठलो नाही," असे नंतर मावशींना म्हणाले. पाडलेला गिलावा गवंड्यांनी रस्त्यातला खड्डा भरायला टाकला होता आणि त्यावरून गाड्या गेल्या होत्या. मी आणि मावशींनी संध्याकाळपर्यंत वेचून एकतीस तुकडे गोळा केले. ते पोत्यात घालून इथे जमा केले आहेत. एकावर नालाची खूण पूर्ण आहे. एकावर नुसता काना आहे. कुठल्या घोड्याचा ते सांगता येत नाही.

बाबा नेहमीच्या वेळेला बाहेर आले. मी काही सांगायच्या आत त्यांनी भिंतीवर हात ठेवला. विटेवर. थोडा वेळ ठेवला, मग खाली घेतला आणि धोतराला पुसला. मग मला विचारले, "पाणीबिणी प्यायलास का?" मी प्यायलो म्हणून सांगितले. प्यायलो नव्हतो.

मावशी मला जे बोलल्या त्यातले लिहिण्यासारखे एवढेच: "एक ना धड भाराभर चिंध्या. जग बघायला निघालाय, आणि घरातली भिंत बघता येईना."

फोटोबद्दल विचारल्यावरून सांगतो की, माझ्या फोनमध्ये पुलाचे एकवीस फोटो आहेत. भिंतीचा एकही नाही. फोन तपासून मला परत मिळाला. गावातही कुणाकडे नाही. रोजच्या भिंतीचा फोटो कोण काढतो, असे मावशी म्हणाल्या.

शनिवारी सकाळी अध्यक्षांनी मला समितीच्या कचेरीत बोलवले. खुर्ची दिली. म्हणाले, "झालं ते झालं. तू काय मुद्दाम केलंस? कुणी विचारलं तर सांग, भिंतीवर काही नव्हतंच. ओल होती, पडली. पुढे बारा खोल्यांचं काम आहे, ते तुझ्याशिवाय कुणाला देऊ?" मी म्हणालो, "नावं होती, मी वाचलीत." ते म्हणाले, "अरे, म्हाताऱ्याने सांगितलं आणि तू म्हटलंस. तुझं तुला तरी कळतं का, कुठे काय बघितलंस ते?"

मावशींनी तक्रारीत लिहून दिले आहे की भिंत अध्यक्षांनी मुद्दाम पाडायला लावली. इथे येताना रस्त्यात त्या मला म्हणाल्या, "तू फक्त हो म्हण. त्या पंखेवाल्याची नजर खोल्यांवर आहे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. याचा आजा राजाला वारा घालायचा, हा स्वतःलाच घालून घेतो." मी विचारले, आणि मी हो म्हणालो नाही तर? त्या म्हणाल्या, "तर मंगळवारनंतर बाबांना घेऊन कुठे जायचं, तेवढं सांगून जा. तुला वाटा बऱ्याच माहीत आहेत."

तरी विचारल्यावरून खरे सांगतो की, शुक्रवारी अध्यक्ष पागेकडे आले नव्हते. गवंड्यांना पाडायला त्यांनी सांगितले नाही, मी सांगितले. ते नंतर जे बोलले ते वर लिहिले आहे आणि तेही खरे आहे. भिंत माझ्यामुळे पडली. मी त्या दिवशी आजारी नव्हतो, दारू प्यायलो नव्हतो. मी पूल बघायला गेलो होतो.

भिंतीवर काय लिहिले होते ते मला वाचनावरून आठवते आणि ते मी या जबाबात लिहून देऊ इच्छितो. साहेब म्हणाले, याचा मोजणीत उपयोग होईल की नाही ते सांगता येत नाही, पण तू त्या घरचा नाहीस, अध्यक्षांचाही नाहीस, तेव्हा लिहून ठेवायला हरकत नाही. साले पुरती आठवत नाहीत म्हणून घातली नाहीत. वरून खाली या क्रमाने:

नालाची खूण असलेले: वावटळ. गुमान. काळा डोंगर. हरणी. हरणीची पोर (हिला वेगळे नाव दिले नव्हते). दमदार. लंगडा, पण हे नाव नंतर कोरलेले होते आणि त्याआधीचे खोडले होते. दोन रेघांची खूण असलेले: चांदणी. थोरला भुरा. धाकटा भुरा. ऐकत नाही, हे नावच होते. रेशमी. पाखरू. ठिपक्याचा एकच: उशिरा, हा राजा गेल्यावर जन्मला, याच्यावर कुणी बसले नाही. त्याखाली गिलावा कोरा होता.

हे सांगत असताना बाबा याच खोलीत, दाराजवळच्या बाकावर बसलेले होते. साहेबांनी त्यांना अगोदरच बजावले होते की, "बाबा, तक्रार तुमच्या घरची. मधे एक शब्द बोललात तर याच्या सांगण्याला किंमत राहणार नाही." बाबा बोलले नाहीत.

लिहून झाल्यावर साहेबांनी सगळे मोठ्याने वाचून दाखवले. घोड्यांची नावे आली तेव्हा बाबांचा अंगठा बोटांच्या पेरांवर एकेक पुढे सरकत होता. उशिराचे नाव वाचून झाले, साहेब थांबले. बाबांचा अंगठा आणखी एक पेर पुढे गेला आणि तिथेच राहिला. मी त्याच्याकडे बघत बसलो. साहेबांनी विचारले, "काही राहिलंय का रे?" मी बराच वेळ आठवून पाहिले. दोन रेघांच्या घोड्यांत कुठेतरी असावे. मला आठवत नाही. मनात आले की एखादे बरेसे नाव घालून टाकावे, कुणाला कळणार? घातले नाही.

बाबांनी अंगठा उचलून मूठ मिटली.

माझा जबाब मला वाचून ऐकवला. माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे, कुणाच्या दबावाने नाही. लिहिले आहे तेवढे बरोबर आहे. एक घोडा कमी आहे.

(सही)