कच्चा भामटा

रक्ततपासणीच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी आणि त्यांचे दीर बसले होते.

"वहिनी, वाचनालयातल्या आपल्या फसवे फोन ओळखायच्या वर्गातून काल मला भामटा बनून फोन कोणी केला? फारच कच्चा होता."

"काल कुणीच नाही केला, भावोजी. सरावाचे फोन आपण मंगळवारीच करतो. काय म्हणाला?"

"पोलीस आहे म्हणाला. खात्यातले सगळे पैसे पाठवा, नाहीतर अटक करतो."

"आणि तुम्ही?"

"म्हटलं, आवाजात जरब नाही. आमच्या वहिनी भामटा झाल्या की घाम फुटतो."

"अगंबाई. मग?"

"मग ओरडायला लागला. म्हटलं, आता बरं जमतंय, पण आधी घरात कोण आहे ते विचारायचं असतं. त्यानेच फोन ठेवला."

"भावोजी, तो खरा भामटा होता."

"खरा?"

"अगदी खरा. मागच्या वर्षी अशाच फोनवर तुमची अर्धी पुंजी गेली होती ना?"

"म्हणजे उरलेली मी वाचवली?"

"तुम्ही एकट्याने. आता डोळे पुसा, लोक बघतायत."

"पण एक घोळ झालाय. मंगळवारी वर्गाला ये, सुधारशील, असं सांगून बसलोय त्याला."

"येऊ दे की. मंगळवारपासून वर्ग तुम्हीच घ्यायचाय."