बिननावाचं कार्ड

नाव कुठंय पण यावर? दाखवा ना मला. पुढून बघा, मागून बघा — नंबर आहे, तारीख आहे, ती चकाकणारी चौकोनी चिप आहे — नाव नाही. मग ज्याच्या हातात त्याचं, नाही का? नोटेवर असतं का कुणाचं नाव? माझ्या भावानं घेतलंय हे, इथूनच घेतलंय, ही तुमचीच पावती. आत दिरहम भरलेले आहेत, पिन मला पाठ आहे, नऊ दिवसांनी माझं दुबईचं विमान आहे — तुम्ही एवढंच सांगा, तिथं मशीनमध्ये हे घातलं तर चालेल की नाही. बस. हे नवीन कार्डाचे रंगीत कागद नका सरकवू माझ्यापुढं, मला नवीन नको... काय? वर नाव नसलं तरी कॉम्प्युटरात असतं? ज्याच्या पासपोर्टवर घेतलं त्यानंच वापरायचं? वा रे. मग याला बिननावाचं कशाला म्हणता?... कोणाला? काय म्हणालात — परत म्हणा. "त्यांनाच सोबत घेऊन या." घेऊन येऊ? कुठून घेऊन येऊ, साहेब? जामनेरच्या स्मशानातून आणू? तिथं आता राखही नाही, ती मीच तापीत सोडली, या हातांनी. हे डोकं बघा माझं. काय वाटलं, फॅशन आहे? केस आत्ता कुठं उगवताहेत. बेचाळीस दिवस झाले. आणा म्हणे सोबत.

नाही, पाणी नको. खुर्चीही नको. उभाच बरा आहे मी. आणि तुमचं ते तोंड पाडणं राहू द्या, बेचाळीस दिवसांत लई तोंडं बघितली पडलेली. मृत्यूचा दाखला, वारसाचा कागद, अर्ज, मग पैसे परत — कळलं, कळलं! पैसे कोण मागतंय? मी मागितले? मोहिनी वहिनीनं हे कार्ड कपाटातून काढून दिलं, त्याच्या इस्त्रीच्या शर्टाखाली होतं, पाकिटासकट. मी म्हटलं, मी हेच नेतो. हॉटेलात हेच देईन, त्या उंच बिल्डिंगीच्या तिकिटाला हेच देईन, चहा प्यायला तरी हेच घासेन — म्हणजे कसं, फिरलो मी, पण खर्च त्यानं केला, म्हणजे तोच फिरला. एवढंच. येडेपणा आहे, मला माहीत आहे. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाचा येडेपणा. पण तुमच्या कॉम्प्युटरला कळतो का येडेपणा? नाही कळत.

मला जायचंच नव्हतं. कसली दुबई अन्‌ कसलं काय. जामनेरला दादाचं कृषी केंद्र होतं, बियाणं, खत, फवारणीचं औषध. एका कंपनीची स्कीम होती — एवढा माल विका, दोघांना दुबई. त्यानं विकला. बोदवडपर्यंतच्या बांधावर जाऊन विकला. वहिनीला विमानाची धास्ती, ती म्हणाली दोघे भाऊ जा. मग पासपोर्ट काढला माझा. आणि तेराव्याला, साहेब, तेराव्याला पंगत बसली असताना त्या कंपनीचा माणूस आला. पाया पडला फोटोच्या, जेवला, आणि हात पुसता पुसता म्हणतो, हितेंद्रभाऊंचं तिकीट रद्द होईल, पण तुमचं पक्कं आहे हां. मी त्याची कॉलर धरली. खरंच धरली. वना मामानं सोडवलं. तर आई आतून आली — आई नरडाण्याकडची, अजून माहेरची अहिराणीच बोलते — म्हणाली, "जाय रे भो. त्यानी कमाई शे, वाया जावाले नको." झालं. आता आईला काय सांगू? रोज बॅग भरते ती. चटणी भरते, काढते, परत भरते.

सांगता मला, कोणतं कार्ड चांगलं! मला नका सांगू. कार्ड कसं निवडायचं ते मी दादाकडून ऐकलंय, पंधरा दिवस ऐकलंय, जेवताना ऐकलंय. औषधाच्या बाटलीमागचं मुंगीएवढं अक्षर वाचणारा माणूस तो — शेतकऱ्याला बाटली देण्याआधी स्वतः वाचायचा, म्हणायचा, पुढचं चित्र विकायला असतं, मागचं खरं असतं. तुमच्यासारख्या परदेशी पैसे देणाऱ्या तीन ठिकाणचे कागद आणले त्यानं. दुकानाच्या काउंटरवर पसरले. डॉलर भरले तर दुबईत बदलताना परत कातरतात, म्हणून सरळ दिरहमच भरायचे. एटीएममधून काढले तर दर वेळी कापतात, म्हणून दुकानात कार्डच घासायचं. मशीननं विचारलं रुपयात की दिरहमात, तर दिरहमच म्हणायचं, रुपया दाबला की फसलो. उरलेले परत आणून दिले तर किती कापणार, तेही विचारून आला. बिननावाचं लगेच मिळतं, नावाचं आठ दिवसांनी येतं. बघा, पाठ आहे की नाही? तो म्हणाला, एकच घेऊ बिननावाचं, मी घासतो, तू खा. तेच हे.

तर मीच... काही नाही. पुढं नाही काही.

नाही, विचारता तर सांगतो, मला काय भीती आहे? मी हट्ट केला. मला माझं वेगळं पाहिजे, म्हटलं, नावाचं. तेवीस वर्षांचा घोडा मी, आणि सरकारी कागद सोडले तर जन्मात माझं नाव कशावर छापलेलं नाही. दुकानाच्या पाटीवर हितेंद्र, बिलावर हितेंद्र, गाडीच्या काचेवरही हितेंद्र. माझं नाव काय माहीत आहे? विचारा ना. हसायला येईल. उखर्डू. हसा, हसा, सगळं जामनेर हसतं. आता मोबाईलच्या जमान्यात कोणाचं असतं का हे नाव? माझ्या आज्याच्या वयाच्या माणसांचं असतं. दादाच्या पाठीवर तीन लेकरं झाली आणि तिन्ही गेली, कोणी आठ दिवसांत, कोणी महिन्यात. चौथा मी. मग आईनं काय केलं — नेऊन ठेवलं मला उकिरड्यावर. शेणात. शेजारच्या बेबाबाईनं उचललं, आणि सूपभर ज्वारी घेऊन आईला परत विकलं. म्हणजे हे पोरगं आमचं नाही, फेकलेलं आहे, यमानं बघितलं तर नाक मुरडून पुढं जावं. आई म्हणते, "बठ्ठा गयात, हाऊ तरी ऱ्हावो." सगळे गेले, हा तरी राहो. आणि ऱ्हायलो बघा! लागू पडलं औषध. आला होता ना यम आमच्या घरी, बेचाळीस दिवसांमागं आला होता. मला बघितलं असेल, नाक मुरडलं असेल, आणि मग चांगल्या नावाचा होता तो उचलला. माझं काय म्हणणं आहे, दोघांनाही ठेवायचं ना उकिरड्यावर! एकालाच कशाला? मी आईला बोललो हे. तोंडावर बोललो. त्या दिवशी ती जेवली नाही.

मग कार्डावर तेच नाव कशाला पाहिजे होतं? हे दादानंही विचारलं. मी म्हटलं, दुबईत कोणाला माहीत आहे उखर्डू म्हणजे काय? तिथं ते नुसतं नाव. हॉटेलचा माणूस कार्ड हातात घेईल, इंग्रजीत वाचेल, म्हणेल — मिस्टर उखर्डू. मला एकदा ऐकायचंय, म्हटलं, कोणी न हसता म्हटलेलं. तर दादा एवढा हसला, साहेब, की चहा नाकात गेला त्याच्या. दुकानात चार शेतकरी बसलेले, तेही हसले. मिस्टर उखर्डू, मिस्टर उखर्डू! मी दोन दिवस बोललो नाही त्याच्याशी. पण माझा अर्ज भरला त्यानं. मला आणलं इथं, सह्या घेतल्या माझ्या, दुसऱ्या कोण्या पोरानं घेतल्या, तुम्ही नव्हता तेव्हा. आठ दिवसांनी या, म्हणाला तो.

आणि आठव्या दिवशी तुम्ही होता. हो, तुम्हीच. मी आलो तेव्हापासून ओळखलंय, पाटी बघितली तुमच्या छातीवरची. दादानं फोन केला होता मला इथून, याच काउंटरवरून — गिरधर साहेब म्हणताहेत, ज्याचं कार्ड त्यानंच येऊन सही करायची. का पण? का नाही दिलं त्याच्या हातात? सख्खा भाऊ होता! आमच्याकडं जळगावला जाणारा सगळ्या गल्लीचं घेऊन येतो, कोणाचा चष्मा, कोणाची गोळी, कोणाच्या सुनेचा ब्लाऊज. कोणी सही मागतं का? दिलं असतं तर तो निवांत पुढं मार्केटला गेला असता, त्याला मोटारीचं सामान घ्यायचं होतं, संध्याकाळी आला असता आरामात. पण नाही! सही पाहिजे! म्हणून तो तसाच उलटा फिरला, मला न्यायला. भर दुपारी. नेरीच्या पुढं कापसाची ट्रॉली, वर आभाळाएवढा कापूस, मागं लाईट नाही, इशारा नाही, वळली ती एकदम शेतात — तुमच्या सहीपायी, साहेब! तुमच्या एका सहीपायी!

...ओरडत नाहीये मी. माझा आवाजच असा आहे. बघू द्या लोकांना.

मी का नव्हतो सोबत? हे बरं विचारलं. हेच विचारायचं राहिलं होतं कोणीतरी. घरी कोणीच नाही विचारलं हे, माहीत आहे? झोपलो होतो. सकाळी त्यानं दोनदा उठवलं, म्हणाला चल, तुझंच कार्ड आहे. मी गोधडी ओढली, म्हटलं, तूच घेऊन ये, तुला सगळे ओळखतात. हसला होता ना तो, मिस्टर म्हणून, तो राग होता माझ्या पोटात. गाडी नेहमी मी चालवतो. तो शेजारी बसतो, फोनवर बोलत. मला ट्रॉलीवाल्यांची खोड माहीत आहे, मी लांबून हॉर्न मारतो, वाकून बघतो. त्याला नव्हती सवय. आणि फोनवर म्हणाला, तयार राहा, दुपारून दोघं येऊ परत. तर मी काय म्हटलं? मी म्हटलं, मरू दे ते कार्ड. असंच म्हटलं. आणि फोन ठेवला. आता बोला. कापता का काहीतरी माझ्या खात्यातून?

घ्या, हा पासपोर्ट घ्या, बघा काय बघायचं ते. आणि ते दादाचं बंद करा, कात्री मारायची असेल तर मारा — नाही, थांबा, आत्ता नको, मी गेल्यावर मारा. मला नवीनही नको, जुनंही नको. मी जात नाही दुबईला. आईला सांगतो, साहेबानं कार्ड दिलं नाही. तुमच्यावर ढकलतो, मोकळा होतो. तुमचं काय जातंय... कुठं चालला? अहो, मी बोलतोय ना?... हे काय? हे पाकीट कसलं? इथंच होतं? इतके दिवस ड्रॉवरमध्ये होतं?

नका उघडू. माहीत आहे काय आहे ते. नका म्हटलं ना... कसली अक्षरं आहेत ही, उठलेली, बोटाला लागतात. हा इंग्रजीतला यू, ना? एवढं येतं मला. मोठ्यानं वाचू नका. मागं माणसं आहेत, हसतील.

...काय म्हणालात? परत म्हणा. नाही, नुसतं नाव नाही, त्याच्या आधी म्हणालात ते. मिस्टर. तुम्ही मिस्टर का म्हणालात? मी सांगितलं म्हणून? माझी कीव आली म्हणून म्हणू नका हां, मला नाही चालत... मग? कोणी सांगितलं होतं? कधी? त्या दिवशी?... "दुपारून माझा भाऊ येईल, त्याला मिस्टर म्हणूनच हाक मारा, आणि हसू नका." असं म्हणाला? फोन ठेवल्यावर? म्हणजे मी तसं बोलल्यावर? इथंच उभा राहून?

...

द्या पेन. कुठं करू? इथं? मराठीत करतो, पासपोर्टवर तशीच आहे. — झालं. बघू नका माझ्याकडं. पुढच्या माणसाला बोलवा, साहेब.