दीड वाटी तांदूळ

हसायचं तर आत्ताच हसून घ्या गं. पंच्याऐंशी सालची गोष्ट. गाठींपायी माझे दोन्ही स्तन काढून वर्ष झालं होतं. त्या वर्षात आमच्या ह्यांनी माझ्याकडे मान वर करून बघितलं नव्हतं. मी साडी बदलायला घेतली की हे गॅलरीत.

मुलुंडचे डॉक्टर म्हणाले, "सिलिकॉनच्या पिशव्या बसवू. केवढ्या, ते तुम्ही ठरवा. घरी कापडी पिशव्यांत तांदूळ भरा, ब्रेसियरमध्ये घालून आठ दिवस वावरा आणि मग मला माप सांगा."

वावरले. एकेका पिशवीत दीड वाटी भरली, तेव्हा जुना हिरवा ब्लाउज असा बसला की आरशासमोरून पाय निघेना. पण चाळिशीतल्या बाईनं एवढं मागायचं कसं? डॉक्टरांना सांगितलं, "एक वाटी."

"कुठली वाटी? घरोघरची वेगळी असते. उद्या घेऊन या, पाण्यानं मोजू."

दुसऱ्या दिवशी ह्यांचं नाव कोरलेली स्टीलची वाटी घेऊन मी निघाले, तर हे चपला घालून दारात उभे. रस्ताभर माझ्या दोन पावलं पुढे.

डॉक्टरांनी वाटीभर पाणी मापाच्या नळीत ओतलं. "एक वाटी. नक्की ना?"

मी मान डोलावली. तेवढ्यात हे जमिनीकडे बघत म्हणाले, "दीड लिहा, डॉक्टर. दीड वाटी भरली त्या दिवशी ही आरशासमोरून हलत नव्हती. मी गॅलरीतून बघत होतो."