समजा, पाणी आलं

…आणि आता तिथं पाणी आलंय! आमच्या त्या नळकामाच्या वर्गात! परवा सहज डोकावलो, तर सगळ्या बेसिनांना पाणी, गरम वेगळं, गार वेगळं, पोरंपोरी मजेत नळ सोडतायत, बंद करतायत… मी म्हणतो, ही काय शिकायची रीत झाली? अहो, पाणी असताना नळ कुणीही जोडेल! आम्ही सहा महिने शिकलो, बारा बेसिनं, चार कमोड, भिंतभर पाइप, आणि पाणी? थेंबाचं नाव नाही! मुख्य लाइन जोडायची राहिली होती म्हणे, अर्ज केलेला होता, अर्ज पुढे गेलेला होता, पुढे म्हणजे कुठे ते देवाला ठाऊक. नळकामाचा वर्ग, आणि त्यालाच नळ जोडून द्यायला माणूस मिळेना!

मग मास्तर काय करायचे? डोळे मिटायचे, हात वर करायचे आणि म्हणायचे, "समजा, पाणी आलं!" आणि तोंडानं सुरू… "स्सऽऽऽ…" मग गाल फुगवून, "टप्… टप्… गळतोय! अरे, तुझा गळतोय!" आता कोरडा ठणठणीत नळ, गळणार कुठून? पण तुम्हाला सांगतो, मास्तर सांध्यावरून नुसता अंगठा फिरवायचे, आणि अंगठा थांबला तिथं उघडून बघावं, तर आट्यांवर गळती अडवायचा दोरा विरळ गुंडाळलेला! माझ्या शेजारचा लंब्या तर इतका मुरला होता, की "समजा, पाणी आलं" ऐकलं की आधी पँट दुमडून घ्यायचा. खोटं वाटतंय? आईशप्पथ!

तुम्ही हसताय, पण माझा जीव टांगणीला लागला होता. कारण ताई. मी शाळेत दोनदा आपटलेलो, वडील नाहीत, घर सगळं ताईवर. ती कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायची. लग्न ठरलेलं, आणि ही बया म्हणते, "आधी ह्याला नोकरी लागू दे, मग बघू." होणारे भावजी कारकून, स्वभावानं गरीब गाय. दर रविवारी येऊन बसायचे, चहात बिस्किट बुडवायचे आणि हळूच मला विचारायचे, "काय, कितपत आलंय?" मी म्हणायचो, "सगळं आलंय भावजी, फक्त पाणी यायचंय." "अस्सं," म्हणायचे, तोवर बिस्किट तुटून चहात बुडालेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं हो!

आणि शेवटच्या परीक्षेला आले एका मोठ्या इस्पितळाचे इंजिनिअर. एकच जण निवडणार होते, नोकरी कायमची. मास्तरांनी सवयीनं डोळे मिटले, "समजा…" एवढ्यात साहेब म्हणाले, "समजा-बिमजा आपल्याकडे चालत नाही." आणि टँकर घेऊन आले होते! गच्चीवरची टाकी भरली! मास्तरांचा चेहरा पांढराफटक. प्रत्येकानं एक नळ बसवायचा. बसवले. साहेबांनी स्वतः मुख्य कॉक उघडला, आणि काय सांगू, सहा महिने समजलेलं पाणी एकदम आलं! लंब्याचं तर कारंजं झालं, कुणाचा नळच निसटून उडाला, साहेबांच्या बुटात पाणी… आणि नेमकी त्या दिवशी लंब्यानं पँट दुमडली नव्हती!

आणि माझा सांधा? कोरडा! मास्तर धावत आले, अंगठा फिरवला, "कोरडा आहे साहेब, कोरडा!" साहेबांनी नळ फिरवला. नळही कोरडा. "पाणी कुठाय?" मी म्हटलं, "समजा, साहेब…"

साहेब वाकले. बेसिनखालचा कॉक बंद! पहिल्या दिवसाचा धडा होता, काम सुरू करण्याआधी कॉक बंद करायचा. रोज इमानानं करायचो. उघडायचा धडा झालाच नव्हता हो! पाणीच नाही, तर उघडायचा कशासाठी? बाकीच्यांनी बंदच केला नव्हता, पाणी येत नसतं हे त्यांना पक्कं माहीत. साहेबांनी कॉक उघडला. नळातून धो धो पाणी, आणि मी सांध्याकडे बघत मनात मोजतोय, एक, दोन, तीन… वीस झाले, थेंब नाही! साहेब म्हणाले, "पाणी आहे असं धरून काम करणारा हा एकटाच दिसतोय. सोमवारी ये." मी ढसाढसा रडलो. मास्तर भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते, "पाणी उडालं रे" म्हणत होते. मास्तर निवृत्त झाले, पुढे गेलेसुद्धा, तोवर लाइन यायचीच होती. आज असते तर… जाऊ दे.

ताईचं लग्न महिन्याभरात झालं. झालं म्हणजे काय, तेव्हापासून तीस वर्षं, दर दुसऱ्या रविवारी भावजींचा निरोप, "अरे, स्वयंपाकघरातला नळ गळतोय, येतोस का?" मी मनात म्हणायचो, मी बसवलेला नळ आणि गळतोय? इस्पितळाच्या सात मजल्यांत माझा एक सांधा कधी गळला नाही! शेवटी एकदा चष्मा लावून नीट बघितलं, तर नटाचे कोपरे सगळे झिजलेले. उलटा पाना धरून कुणीतरी सैल केलाय! आत ताई चहा टाकत होती, दोन कप मांडून, खुशीत गुणगुणत. आणि भावजी दारात उभे, पेपर उलटा धरून.

मी पिशवीतून पाना काढला. घट्ट केला, चहा घेतला, ताईशी पोटभर गप्पा मारल्या, आलो. तुम्ही म्हणाल, सांगून टाका ना त्यांना, भावजी, बोलवायचं तर नुसतं बोलवा, नळ कशाला सैल करता? अहो, कसं सांगू? त्या माणसाला उभ्या जन्मात हाताचं एवढं एकच काम जमलंय!