चहासंगं इचारते

…न्हाय, त्यांच्या म्होरंच इचार. हितं कुजबुजायचं काय कारण न्हाय पोरी — ते बघ, लिंबाखाली बसल्यात आमचं मालक, गेणूबा — नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून बघाया लागलीस व्हय? घेते मी. गावाला त्याचाबी राग हाय. पुण्यावरनं शेळगावात आलीस उदासीचा अभ्यास कराया, अन् खरा प्रश्न इचारताना जीभ अडखळती तुझी? मी रोज इचारते. सकाळी कपबशी हातात दिली की इचारते — आज जीव द्यावासा वाटतोय का? जाऊ म्हणती, असलं अभद्र बोलू नगं, नाव काढलं की येतं ते घरात. आगं, आलंच हाय की! मेंढरं इकल्यापासनं आलंय.

कुणी इकली? भावकीनं. माणूस जेवंना, बोलंना, तर म्हणली कळप इकून टाका, आराम पडंल. आराम! जन्म गेला मेंढरामागं, अन् ह्यांनी नेऊन खाटंवर बसीवला. मग म्या भांडून एक मेंढी माघारी आणली. आता तिच्या चाऱ्यासाठी तरी उठत्यात. बारामतीच्या डॉक्टरीणबाईच्या गोळ्याबी चालू हायती — दीर अंगारा घिऊन आला, म्हणलं तूच खा. इचारायचं त्या बाईनंच शिकीवलं. इचारल्यानं माणूस मरत न्हाय, म्हणल्या, मोकळा हुतो. खरं हाय ते. कधी न्हाय म्हणत्यात, कधी व्हय म्हणत्यात. व्हय म्हणलं की त्या दिशी मी खुरपायला जात न्हाय, हितंच बसते. लोक हसत्यात — म्हातारी नवरा राखती म्हणं. राखती तर राखती.

मला? मला काय धाड भरलीया. चहा करणारी मीच, इचारणारी मीच — मला कोण इचारणार? कालव्यावर धुणं धुताना कवा कवा बसूनच ऱ्हाते, उठूच वाटत न्हाय, घरी यावंसंच वाटत न्हाय… तेवढंच. तेवढंच गं. कुठं काय धरून बसलीस! तू त्यांचं इचाराया आलीस, माझं न्हाय. जा आता, इंदापूरची गाडी चुकंल.

ऊठ की. का बसलीस?

…बरं. इचार मग.