वेश उतरवायची खोली

हलू नका हो अक्का, स्वल्प थांबा — ओढाल तर टाका नाही तुटायचा, जरीचा पदरच फाटेल. खांद्यापासून कमरेपर्यंत कच्चा टाका घातलाय मी, काल सकाळी, तुम्ही राणीसाहेब झालात तेव्हा. का म्हणजे? शालूचा पदर दोन दिवस सांभाळणं हल्लीच्या बायकांना कुठे जमतंय — रागावू नका, तुम्हा पुण्याकडच्यांनाच म्हणत नाही, इथल्याही तशाच. म्हणून शिवून टाकते. घालायला दहा मिनिटं, उसवायला अर्धा तास. कळतंय मला, साहेबांनी गाडी काढलीय, मुलं आत बसलीत, तुम्हाला जेवणाच्या आत मारतहळ्ळीला घरी पोचायचंय. एक दिवसाचा मुक्काम बाकी होता, तोही नको झालाय. सरी, बरं. नको तर नको. पण हा शालू अंगावर घेऊन तर जाता येणार नाही ना? मग बसा अशा, पाठ माझ्याकडे करून.

अभिप्रायाची वही? असते की. दिवाणखान्यात असते, लाल कापडाची. नाही दिसली? मग असेल कुठेतरी, पाहुणे घेऊन बसतात, बागेतसुद्धा नेतात. मिळेल हो. आधी हा खांदा मोकळा करू दे.

कालचं मला ठाऊक आहे. सगळ्या संस्थानाला ठाऊक आहे — बघा, मी पण संस्थानच म्हणते, हॉटेल म्हटलं की मंजुनाथ मालक डोळे वटारतात. पाच वर्षांचं पोर तुमचं, अद्वैत ना नाव? — त्याला युवराज केलं, फेटा बांधला, लाकडी तलवार दिली. दुपारभर ऐटीत फिरला. संध्याकाळी दरबारात झोप आली, आई आठवली. तुम्ही त्याला शिकवून ठेवलेलं, हरवलास तर मोठ्या माणसाजवळ जायचं आणि आईचं पूर्ण नाव सांगायचं. शहाणं पोर, रडलं नाही लगेच. सरळ गादीवर बसलेल्या दिवाणजींसमोर जाऊन उभं राहिलं, म्हणालं, माझी आई हरवलीय, वीणा नितीन जोगळेकर, मला तिच्याकडे न्या. आणि दिवाणजी उठले, वाकून मुजरा केला, आणि म्हणाले, युवराज, या नावाचं कोणी या राज्यात नाही. पोराने पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर फाटकावरचा रोजनामा उघडून बोट फिरवून दाखवलं — पाहा, नाही. खरंच नाही ना त्यात! फाटकावर तुमचं नाव सौदामिनीदेवी लिहिलंय. तिथून ते पोर जे रडत सुटलं ते पाऊण तास. तुम्ही मागे राणीमहालात, मेंदी ओली, सनई मोठ्याने लावलेली. तुम्हाला कुठून ऐकू जाणार.

नियम आहे ना अक्का. पाहुणा फाटकाबाहेर पडेपर्यंत कोणी सोंग सोडायचं नाही. घड्याळं, पेजर, खरी नावं, सगळं फाटकावर काढून ठेवायचं. आमच्या स्वयंपाक्याने गॅसला चूल म्हणायचं. ऑफिसातला फोन वाजला तर मोर ओरडला म्हणायचं — हसताय? हसा, सकाळपासून तुम्हाला हसताना पाहिलं नव्हतं. लग्नाचा हॉल होता हा आधी, कनकपुरा रस्त्याला एवढ्या लांब कोण लग्न करणार, म्हणून मालकांच्या डोक्यात हे खूळ शिरलं. चाललं बघा. शनिवार-रविवार जागा नसते.

लहान मुलांना असली जागा बरी का, हे कोणाला विचारताय? मालकांना विचाराल तर म्हणतील, तीन ते त्र्याण्णव सगळ्यांना. मला विचाराल तर — हात वर करा, हां — मला विचाराल तर सात-आठ वर्षांच्या आत आणू नये. मुलं घरी खेळतात तेव्हा सोंग त्यांचं असतं, त्यांनी घेतलेलं, वाटलं तेव्हा टाकलेलं. मधेच उठून दूध पितात, पुन्हा राजा होतात. इथे सोंग मोठ्यांच्या हातात. पोराला वाटतं, आता पुरे, आणि समोरचं माणूस पुरे म्हणतच नाही. किती भीती वाटत असेल त्याला, मला विचार करवत नाही.

मोठी मुलं, चौदा-पंधराची? त्यांची काळजी नको. तुमची भार्गवीच बघा. काल आली तेव्हा लाजेने तोंड पाडून बसलेली, घागरा घालणार नाही म्हणाली. हेर केलं तिला, काळी ओढणी दिली, मग खुलली. आणि काय केलं ठाऊक आहे? दिवाणजींना सोंगातून बाहेर काढायचं म्हणून हात धुऊन मागे लागली! दुपारच्या जेवणाला विचारलं, भारताचे पंतप्रधान कोण? दिवाणजी म्हणाले, ते महाराजांच्या मर्जीवर आहे. आज वार कोणता? म्हणाले, दरबाराचा. तुमचं वय काय, घर कुठे, लग्न झालंय का — वीस प्रश्न विचारले पोरीने, आणि एकदाही अडकले नाहीत. सगळ्या पंगतीने टाळ्या वाजवल्या. भार्गवीने वहीत लिहून ठेवलंय, असा नट आयुष्यात पाहिला नाही. मालकांनी ते ऐकून त्यांना नवी शाल पांघरवली. वही कुठे पाहिली मी? पाहिली होती काल… येईल हो वहीचं, येईल.

राहिले मोठे. आय्यो, मोठ्यांचं नका विचारू. मोठ्यांना ही जागा अजिबात बरी नाही. जयनगरचे एक बँकेतले साहेब येतात, दर महिन्याला, एकटे. महाराज होतात. रविवारी संध्याकाळी अंगरखा काढायला इथे या खुर्चीवर बसतात आणि बंद सोडू देत नाहीत मला. म्हणतात, सुनंदाबाई, पाच मिनिटं राहू द्या. घरी कोणी उभं राहून बोलत नसेल त्यांच्याशी, काय सांगावं. आणि तुमचे साहेब — राग येणार असेल तर नाही बोलत. बोलू? काल पोर रडत होतं तेव्हा ते सिंहासनावरच होते. वीस पावलांवर. ऐकलं त्यांनी, मान वळवून पाहिलं पण. पण समोर फिर्यादी उभे, चवऱ्या ढाळणारे उभे, आणि इतक्या लोकांसमोर उठायचं कसं असं झालं त्यांना. कॉम्प्युटर कंपनीत दिवसभर हो सर, हो सर करणारा माणूस, एक संध्याकाळ महाराज झाला होता. वाईट नाहीत ते, अक्का. तसंच होतं इथे सगळ्यांचं. सोंग पोरांना पेलत नाही आणि मोठ्यांना सुटत नाही.

तर त्या माणसाचं नाव हवंय तुम्हाला, वहीत लिहायला. तो म्हातारा कोण, एवढं निर्दय वागतो कसा. निर्दय नाहीत ते. मुंगी मारत नाहीत. मुलांना तर इतके — रोज सकाळी मी आंघोळ घालते तेव्हासुद्धा विचारतात, युवराज उठले का, युवराजांनी खाल्लं का —

कोणाला आंघोळ घालते म्हणजे?

दिवाणजींना. हो. आता बोललेच आहे तर काय लपवू. आमचे हे आहेत. बेचाळीस वर्षं झाली लग्नाला. इकडे तोंड करू नका, टाका निम्म्यावर आलाय, बसा तशाच, मला असंच बोलणं सोपं जातं.

चिकपेटेत साड्यांच्या दुकानात गादीवर होते, सदतीस वर्षं. आमची घरं तिथलीच, दोनशे वर्षांपासूनची, घरात मराठी, गल्लीत कन्नड. दुकानात असं अदबीने बोलायचे की बायका एक साडी घ्यायला यायच्या आणि तीन नेऊन वर यांनाच आशीर्वाद द्यायच्या. नंतर नंतर एकीला तीच साडी सात वेळा उलगडून दाखवली. ती हसली, त्यांना वाटलं आवडली, आठव्यांदा उलगडली. मग एके दिवशी दुकानाच्या शेटजींनाच विचारलं, या बसा, कोणाच्या लग्नाची खरेदी? शेटजी भले, त्यांनी स्वतः रिक्षात घालून घरी आणून सोडलं. डॉक्टर म्हणाले, विसरणं वाढत जाणार, औषध नाही. त्यानंतरचं वर्ष… रस्त्यात जो तो थांबवायचा, गुंडूराव, ओळखलंत का? सांगा बघू मी कोण? चांगल्या मनाने विचारायचे हो लोक. पण यांचा चेहरा असा व्हायचा, शाळेत उत्तर न येणाऱ्या पोरासारखा. मग बाहेरच पडेनात. कपाटाकडे तोंड करून बसायचे.

मंजुनाथ मालकांच्या मुलीच्या लग्नाच्या साड्या यांनी दाखवल्या होत्या पूर्वी. ते शोधत आले, म्हणाले, असं अदबीचं बोलणारा दिवाण हवाय, आणि तुम्ही कपड्यांचं बघा. मी काही सांगितलं नाही त्यांना. चूक केली की बरोबर केलं, देवाला माहीत. मी गादी अगदी दुकानातल्यासारखी घालून दिली, मांडी घालून बसवलं, म्हटलं, दिवाणजी, पाहुणे येतायत. बस, बसले ताठ. या, बसा, काय सेवा करू — सगळं आपोआप आलं तोंडात. आणि अक्का, इथे कोणी विचारतच नाही, मला ओळखलंत का. उलट इथे कोणी खऱ्या नावाने ओळखलं तर चूक! वार माहीत नसला तर टाळ्या पडतात. अख्ख्या बेंगळूरमध्ये यांना चालेल अशी ही एकच जागा उरलीय. तुम्ही विचारत होता ना, असलं हॉटेल कोणाला बरं. यांना बरं आहे.

मी? माझं काय. मला हे दासी समजतात. मागच्या खोलीत, आम्ही दोघंच असतो तेव्हासुद्धा. पहिल्यांदा सांगत होते, अहो मी सुनंदा. मग त्यांना वाईट वाटायचं, रडायचे, माफी मागायचे, आणि तासाभराने पुन्हा विचारायचे. सोडून दिलं. दासी तर दासी. पाहुणे दोन दिवसांनी घरी जातात, कपडे उतरवतात. मला उतरवायला जागाच नाही. थकले मी अक्का. कंटाळले नाही, नवरा आहे माझा, पण थकले.

झालं, सुटला पदर. आता उठा.

काय म्हणालात? लिहीत नाही? राहू दे?

…नाही. थांबा. हे ऐकायचं होतं म्हणूनच कालपासून धडपडत होते मी. वही मीच आणून ठेवलीय इथे, या नऊवार साड्यांच्या खाली, तुमच्या हाती लागू नये म्हणून. मालक सोमवारी वाचतात. हे एक वाचलं की चौकशी करतील, चौकशी केली की कळेल, कळलं की आम्हाला जावं लागेल. पण अजून एक सांगायचं राहिलंय, आणि ते ऐकून मग ठरवा.

मी तिथेच होते काल. खांबामागे. पोराने पहिल्यांदा तुमचं नाव सांगितलं, तेव्हाच मी ऐकलं. तुम्हाला शालू मीच नेसवलेला, तुम्ही कुठे आहात मला माहीत. हात धरून नेलं असतं तर दोन मिनिटांचं काम. नाही नेलं. मी पुढे झाले असते तर लोकांनी विचारलं असतं, मग दिवाणजींना कसं नाही कळलं? म्हणून उभी राहिले. पाऊण तास. ते पोर आई आई करत त्या नावांच्या यादीवर हात आपटत होतं आणि मी खांबाला टेकून म्हणत होते, आता थांबेल, आता थांबेल. यांना काही कळत नाही, यांना दोष नाही. मला सगळं कळत होतं.

घ्या वही. पेन आहे आत. लिहा. पुढच्या शनिवारी आणखी एक पोर येईल, त्यालाही आई हवी असेल, आणि मी पुन्हा खांबामागेच उभी राहीन, मला माहितीये मी कशी आहे ते. लिहा तुम्ही. माझंही नाव लिहा, सुनंदाबाई, कपड्यांच्या खोलीतली.

आणि अद्वैतला सांगा, ते आजोबा खोटं नाही बोलले. बाळा, तुझी आई होतीच, सगळा वेळ होती. त्या आजोबांना कोणाचंच नाव येत नाही, त्यांच्या बायकोचंसुद्धा नाही.

रडू नका, अक्षर फिसकटेल. लिहिलंत? ठेवा तिथे. चला, निघा आता, गाडी उभी आहे. तुमचे महाराज चाललेत म्हणजे आज दरबार नाही, आणि आमचे हे केव्हाचे तयार होऊन बसलेत बाहेर. त्यांना काय सांगायचं ते बघू दे मला. जा. दार ओढून घ्या.