नापास ब्लाऊज

निकालावर अपील करून काही होत न्हाई म्हणता? मंग माझं ऐका.

जालन्याच्या शिवण केंद्रात परीक्षेला आम्ही सगळ्यांनी आमच्या बाईंच्या मापाचा ब्लाऊज शिवला. बाहेरून आलेल्या सरांनी माझा हातात धरून पाह्यला अन् म्हणाले, "मुंढ्यात, काखेपाशी आवळंल. नापास." मला असा राग आला! कोणाला घालून न बघता कसं कळलं? दुसऱ्याच दिवशी आमच्या बदनापूरहून जालन्याला जाऊन अपील टाकलं.

फेरतपासणीला मोठे साहेब आले. "ब्लाऊज दाखवा," म्हणाले. कपाट सगळं उपसलं, पण ब्लाऊज सापडंना. तेवढ्यात बाई हळूच म्हणाल्या, "साहेब, तो मी घालून आलेय. सगळ्यांत हाच अंगाला नीट बसला."

साहेब पंख्याकडं बघायला लागले. बाईंनी मात्र उभं राहून दोन्ही हात वर केले. "बघा की, कुठं आवळून राह्यला का?"

"न्हाई न्हाई, बराबर आहे! पास! बसा तुम्ही!"

जाता जाता साहेबांना आठवलं, "पण बाई, नमुना ऑफिसात जमा पाहिजे. नियम आहे."

बाई म्हणाल्या, "मंग असतेच की मी तिथं, रोज दहा ते पाच!"